दूध न गोठवणारा वाहक

मित्रांनो, माझी उंची विचारू नका. सुईच्या टोकावर माझ्यासारखे लाखो बसतील आणि वर पाय पसरायला जागा उरेल. मी डीएनएचं एक कडं आहे. शास्त्रातले लोक मला प्लास्मिड म्हणतात, आणि माझ्या कामावरून वाहक म्हणतात. दुसऱ्याचा जीन अंगावर घ्यायचा आणि जंतूच्या पोटात नेऊन पोचवायचा, हा माझा धंदा. आता मी म्हातारा झालोय. विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाच्या फ्रीजरमध्ये, बोटाच्या पेराएवढ्या नळीत पडून असतो. एवढ्याशा जिवाने हे सगळं पाहिलं-ऐकलं कसं, असं तुमच्यातला एखादा चौकस नक्की विचारेल. त्याला माझं एकच सांगणं आहे, बाबा रे, आधी ऐकून घे, मग शंका काढ.

माझा जन्म पश्चिम किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतला. ठिकठिकाणचे डीएनएचे तुकडे जोडून त्यांनी मला गोल बंद केलं, आणि बंद करण्याआधी फार विचार करून माझ्यात काही गोष्टी ठेवल्या. एका जागी अशी खूण आहे, की जंतूची यंत्रणा तिथून माझी नक्कल काढायला लागते. त्यामुळे एका जंतूचे दोन झाले की मी दोघांच्याही वाट्याला येतो. दुसऱ्या जागी एक जीन आहे, तो ज्या जंतूकडे असेल त्याला अँपिसिलीन हे औषध मारू शकत नाही. याचा उपयोग मोठा. लाखो जंतूंमधून मला आत घेणारे थोडेच असतात, ते निवडायचे कसे? सगळ्यांना अँपिसिलीन घातलेल्या जेलीवर पसरायचं. ज्यांच्या पोटात मी, ते जगले, बाकीचे संपले.

आणि मग ती कापायची जागा. एक ठरावीक कात्री, म्हणजे डीएनए कापणारा एक रस, माझ्या अख्ख्या अंगावर फक्त तिथेच लागते. तिथे मला उघडायचं, नवा जीन मध्ये बसवायचा, पुन्हा बंद करायचं. त्या जागेच्या जरा अलीकडे 'इथून पुढे वाचा' अशी खूण आहे. जंतू तिथून वाचायला लागतो आणि जे लिहिलेलं असेल ते मुकाट्याने बनवतो. माझं सगळं वाटोळं त्या खुणेपाशीच झालं.

ही मंडळी आम्हाला एकमेकांकडे कशी पाठवतात, ठाऊक आहे? पोस्टाने! थेंबभर पाण्यात मला घेऊन टीपकागदावर टाकतात, थेंब वाळला की त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढतात आणि कागद पाकिटात घालतात. असाच मी विस्कॉन्सिनला पोचलो. पाकीट उघडलं बर्निसने. बर्निस म्हणजे त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी, जेली शिजवणारी, प्लेटी ओतणारी बाई. पन्नाशी उलटलेली, मिलवॉकीच्या पोलिश घरातली, आणि आवाज असा, की फ्रीजरचं दार लावलेलं असलं तरी आत ऐकू यावा.

"घ्या! पत्र नाही, काही नाही, नुसता टीपकागद पाठवलाय मेल्यांनी," म्हणत ती मला घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

"अगं थांब, थांब!" एक उंच मुलगी खुर्ची पाडून धावत आली. "तो गोल दिसत नाही का तुला? माझा वाहक आहे त्यात. तीन आठवडे वाट बघतेय मी त्याची."

"या डागाची? माझ्या नवऱ्याच्या शर्टावर याहून चांगले डाग आहेत. पाहिजेत तर पाठवून देते."

ती मुलगी म्हणजे आर्लिस टॉलेफसन. हसत हसत तिने तो गोल कापला, पाण्याच्या थेंबात भिजवला आणि मी त्यातून बाहेर आलो. तिचे हात मला पहिल्या दिवशीच आवडले. लांब बोटं, सावकाश हालचाल, काही सांडणं नाही, काही लवंडणं नाही.

आर्लिसचे वडील ऑरिन खेड्यात चीज करायचे. दूध गोठून त्याचं चीज व्हायला एक रस लागतो, आणि तो रस मिळतो दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातून. वासरू मारल्याशिवाय मिळत नाही. लहानपणी आर्लिस शेजारच्या गोठ्यातल्या गोऱ्ह्यांना बाटलीने दूध पाजायची, त्यांची लाडाची नावं ठेवायची, आणि आठवड्याने ट्रक आला की घराच्या मागे जाऊन बसायची. म्हणून तिने हा विषय घेतला होता. वासराचा तो जीन जंतूत घालायचा, म्हणजे रस जंतूच बनवील आणि वासरू गोठ्यात राहील. नुसता जीन हातात यायलाच तिला दोन वर्षं लागली. एकूण पाच वर्षं झाली होती. परीक्षकांच्या समितीने तिला बजावून ठेवलं होतं, की मे महिन्यातल्या सभेत जंतूच्या रसाने दूध गोठवून दाखव, तर डॉक्टरेट. नाही गोठलं तर छोटी पदवी घे आणि घरी जा. तेव्हा जानेवारी चालू होता.

तिने मला कापलं. ही कात्री सरळ कापत नाही, दोन्ही टोकांना जराशी दशी सोडते. जीनच्या टोकांनाही तिने तशाच दशा काढल्या होत्या. दशा एकमेकींना ओळखतात, चिकटतात, आणि मग दुसरा एक रस येऊन सांधा पक्का करतो. माझ्या लाखो नकला त्या थेंबात होत्या. काही रिकाम्याच मिटल्या. काहींनी जीन घेतला. पण मित्रांनो, जीनची दोन्ही टोकं सारखी, माझीही दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे जीन सुलटा बसतो तसा उलटाही बसतो. यात कुणाची चूक नसते, तो नशिबाचा भाग असतो. माझ्या शेजारच्या भावाने सुलटा घेतला. मी उलटा घेतला. 'इथून पुढे वाचा' म्हटल्यावर माझ्या अंगावर जे वाचायला मिळतं, ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलेल्या पानासारखं, नुसती बडबड.

मग आम्हाला जंतूंत घातलं. बर्फात गारठलेले जंतू, त्यांना दीड मिनिट बेचाळीस अंशांच्या पाण्याचा चटका, की त्यांची अंगं सैल होतात आणि आम्ही आत शिरतो. दुसऱ्या दिवशी जेलीवर पांढरे ठिपके उगवले. एकेक ठिपका म्हणजे एकाच जंतूचा सगळा वंश. त्यांतले बारा ठिपके निवडायचे, प्रत्येकाला दातकोरणीने टोचायचं, ती दातकोरणी आधी नव्या प्लेटवर, म्हणजे जेली ओतलेल्या झाकणाच्या बशीवर, टेकवायची आणि मग पातळ खाद्याच्या नळीत टाकायची. नळीतलं तपासायला, प्लेटवरचं जपून ठेवायला. कोणता ठिपका सुलटा हे नळीवरून कळलं, की प्लेटवरून तोच उचलायचा.

नेमका त्याच सकाळी आर्लिसला फोन आला. ऑरिन बर्फावरून घसरले होते, मनगट मोडलं होतं.

"मला जायला हवं," ती प्राध्यापक झास्त्रोंना म्हणाली. "दूध काही थांबत नाही, डॉक्टर. आज आलेलं आज कढईत पडलं पाहिजे."

झास्त्रो म्हणजे प्रयोगशाळेचे मुख्य. मोठा माणूस, मनाने चांगला, पण डोक्यात एका वेळी सतरा गोष्टी. "जा की! बारा टोचे मारायचे, त्यात काय एवढं? मी मारतो. तुझ्या वयाचा असताना दिवसाला दोनशे मारायचो."

"त्यालाही वीस वर्षं झाली, डॉक्टर," बर्निस मोरीजवळून म्हणाली.

"चांगले हात विसरत नाहीत, बर्निस."

आणि खरं सांगायचं तर त्यांनी टोचे छान मारले. घड्याळातल्या आकड्यांसारखे बारा ठिपके गोलात टेकवले. चारच्या जागी माझा सुलटा भाऊ होता. दहाच्या जागी मी. नळ्यांवर आकडे होतेच, मग प्लेटवर तेच आकडे घालायची वेळ आली. प्लेट थंड खोलीतून काढलेली, बुडाला दव धरलेलं, मेणाची पेन्सिल नुसती घसरत होती. झास्त्रोंनी दोनदा प्रयत्न केला, घड्याळात पाहिलं, आणि आकडे झाकणावर लिहिले.

तुम्हाला वाटेल, यात काय बिघडलं? अहो, सगळं बिघडलं! या धंद्यात आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय शिकवतात, तर प्लेट उबेत ठेवताना उपडी ठेव, म्हणजे झाकणावरची वाफ ठिपक्यांवर गळणार नाही, आणि लिहायचं ते बुडावर लिही, कारण जेली बुडाला धरून असते. झाकण सुटं असतं. ते कसंही फिरतं. झास्त्रोंनी हे शेकडो पोरांना शिकवलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्निसने प्लेटी बाहेर काढल्या. झाकणांच्या आत वाफ जमली होती. ती एकेक झाकण उचलून आतून पुसत होती. आमचं झाकण उचललं आणि ती थबकली. झाकणावरच्या आकड्यांकडे पाहिलं, प्लेटच्या कोऱ्या बुडाकडे पाहिलं, झास्त्रोंच्या खोलीच्या लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग तिने झाकण पुसलं आणि परत लावलं. अर्धा फेरा फिरून लागलं ते. चारचा आकडा माझ्या डोक्यावर आला.

मी ओरडलो हो! माझ्या सगळ्या नकलांनी मिळून ओरडलो. पण कड्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? बर्निस प्लेट थंड खोलीत ठेवून चहाला गेली.

चार दिवसांनी आर्लिस आली. नळ्यांतल्या डीएनएला तिने दुसऱ्या कात्रीने कापलं, तुकडे विजेच्या जोरावर जेलमध्ये पळवले आणि त्यांच्या लांबीवरून दिशा ओळखली. "चार!" ती ओरडली. "बर्निस, चार नंबर सुलटा आहे!" दोघींनी तिथेच गिरकी घेतली. बर्निसने ताज्या चीजचे दाणे आणले होते, दातांखाली करकरणारे, ते सगळ्यांनी खाल्ले. तपासलेल्या नळ्या कचऱ्याच्या पिशवीत गेल्या आणि त्यांतले जंतू वाफेत संपले. मग आर्लिसने प्लेट काढली, झाकणावरचा चार पाहिला, त्याखालचा ठिपका उचलला. तो मी होतो.

मला वाढवलं. हंडेच्या हंडे भरून वाढवलं. माझ्या नळीवर तिने सुबक अक्षरात 'चार, सुलटा' असं लिहिलं आणि मला फ्रीजरमध्ये पुढच्या रांगेत जागा दिली. झास्त्रो पाहुण्यांना माझी नळी दाखवायचे. इतकं कौतुक आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही, आणि एकेका शब्दाने मी शरमेने मेल्याहून मेल्यासारखा होत होतो. माझा सुलटा भाऊ तिथून दहा पावलांवर थंड खोलीत, त्याच प्लेटवर, अजून जिवंत होता.

मार्चपासून दुधाचे प्रयोग सुरू झाले. जंतू फोडायचे, त्यांच्यातला गाळ विरघळवायचा, थोडं आम्ल घालून रस जागा करायचा आणि कोमट दुधात एक थेंब टाकायचा. दूध वडिलांच्या कारखान्यातलं. शेजारच्या नळीत वासराचा खरा रस. दहा मिनिटांत ती नळी तिरकी करावी, तर दूध खरवसासारखं घट्ट. आणि माझी नळी तिरकी करावी, तर दूध सरळ ओघळून कडेला.

"अजून पाच मिनिटं थांबू," आर्लिस म्हणायची.

पाच मिनिटं, वीस मिनिटं, तास. दूध आपलं दूधच. तिने उष्णता बदलली, आम्ल बदललं, जंतूंची जात बदलली. मी आतून पाहत होतो. बिचारा जंतू 'इथून पुढे वाचा' म्हटलं की माझं उलटं पान वाचायचा, काहीतरी वेडंवाकडं बनवायचा आणि स्वतःच ते मोडून टाकायचा. त्याचाही दोष नव्हता. ती डोळे चोळत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि माझ्याने काही म्हणजे काही करवत नव्हतं.

"अगं, दुधाकडे असं टक लावून बघू नकोस," बर्निस म्हणायची. "लाजत असेल ते."

सुरुवातीला आर्लिस हसायची. एप्रिलमध्ये हसायची बंद झाली.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी तिने मला फ्रीजरमधून काढलं, बर्फात खोचलं आणि कात्रीची नळी शेजारी ठेवली. माझ्या लक्षात आलं, ती मला पुन्हा कापून बघणार! अर्ध्या दिवसाचं काम. संध्याकाळी तुकडे जेलमध्ये धावले असते आणि माझा खोटेपणा सगळ्यांसमोर उघडा पडला असता. मित्रांनो, तेवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

तेवढ्यात झास्त्रो आले. "हे काय आता?"

"दिशा पुन्हा एकदा तपासून बघते म्हटलं."

"ती तपासलेली आहे ना? वहीत फोटो चिकटवलाय तू स्वतः."

"आहे. पण—"

"पण काय? महिनासुद्धा राहिला नाही, आर्लिस. झालेलं काम उकरत बसलीस तर पुढचं कधी करणार? खोट जीनमध्ये असेल. तिकडे बघ."

मोरीजवळ नळ चालू होता तो बंद झाला. बर्निस ओल्या हातांनी उभी राहिली, या दोघांकडे बघत. आर्लिस "बरं," म्हणाली आणि तिने मला परत फ्रीजरमध्ये ठेवलं. नळ पुन्हा सुरू झाला. दार लागलं तेव्हा मला रडू आलं असतं, येत असतं तर.

मे महिन्यात समिती बसली. चार माणसं, एक टेबल, कोमट पाण्याचं भांडं, त्यात दोन नळ्या. त्या रसात माझेही तुकडे होते, म्हणून मी तिथे होतो. आर्लिसने निळा झगा घातला होता. तिने थेंब टाकला, घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी वासराच्या रसाची नळी तिरकी केली, घट्ट. माझी नळी तिरकी केली. दूध ओघळलं. तिने ती नळी सरळ केली आणि उगाचच पुन्हा एकदा तिरकी केली.

झास्त्रोंनी चष्मा काढला. "मेहनतीत काही कमी नाही, हे मी शपथेवर सांगेन," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण हातांचा प्रश्न असतो. काहींचे हात या कामाचे नसतात. त्याला कुणाचा इलाज नाही."

आर्लिसने आपल्या हातांकडे पाहिलं. मी या जगात जेवढे हात पाहिले, त्यांत सगळ्यांत चांगले हात ते होते. आणि त्या खोलीत हे जाणणारा मी एकटा, नळीच्या तळाशी.

जायच्या दिवशी तिने टेबल पुसून लख्ख केलं. बर्निस जवळ आली. "पोरी," म्हणाली, "मला तुला..." आणि टेबलावरचा डबा पुढे सरकवला.

"काय गं?"

"काही नाही. डबा विसरू नकोस."

"माझ्या हातातच काहीतरी आहे बर्निस, नाही का?" आर्लिस म्हणाली. बर्निसने तिला मिठी मारली आणि मान नुसती हलवली. ती हो होती की नाही, कुणाला कळलं नाही.

मग सात वर्षं. मी पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत गेलो, मागच्या रांगेतून तळाच्या डब्यात. अंगावर बर्फाचा थर चढला. प्लेटवरचा माझा भाऊ केव्हाच वाळून गेला. जंतूकडून तो रस दुसरीकडे कुणीतरी बनवून दाखवला, त्याच्या बाटल्या चीज करणाऱ्यांकडे पोचल्या, आणि झास्त्रोंनी विषयच बदलला. मला कुणी फेकलं नाही, कारण मी कुणाच्या लक्षातही नव्हतो.

बर्निस निवृत्त व्हायची होती. शेवटच्या आठवड्यात तिने थंड खोली आवरायला काढली आणि एका दुपारी हातात एक प्लेट घेऊन फ्रीजरच्या खोलीत आली, तिथे झास्त्रो काहीतरी शोधत होते. त्यांचे केस आता पांढरे झाले होते.

"डॉक्टर, हे अक्षर कुणाचं?"

"माझं दिसतंय. का?"

"कशावर लिहिलंय ते बघा."

झास्त्रोंनी प्लेट घेतली. झाकण उचललं. उपडी करून बूड पाहिलं. पुन्हा झाकण पाहिलं. "खाली काहीच नाही?"

"नाही. मी तेव्हाच पाहिलं होतं."

"तेव्हाच म्हणजे केव्हा?"

"त्याच सकाळी. मीच वाफ पुसली, मीच झाकण परत लावलं, कसं लावलं देव जाणे. म्हटलं, डॉक्टर आहेत, त्यांची काहीतरी खूण असेल. मी बाटल्या धुणारी बाई, मी काय सांगणार? एप्रिलमध्ये ती परत तपासायला निघाली तेव्हा म्हटलं, चला, सुटलो. तुम्ही नको म्हणालात. मग मे महिन्यात तुम्ही तिच्या हातांबद्दल बोललात, आणि मग..." तिचा तो दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मग मला भीतीच वाटली. इतके दिवस गप्प बसलेल्या माणसाला नंतर बोलता येत नाही हो."

झास्त्रो चिडले नाहीत. मला वाटतं, चिडले असते तर बर्निसला बरं वाटलं असतं. त्यांनी तळाचा डबा काढला, बर्फ झटकला, माझी नळी शोधली. मग स्वतः बसून मला कापलं. संध्याकाळी जेलवर दिवा लावला, आणि माझे तुकडे, सात वर्षांपूर्वी पडायला हवे होते ते, त्यांच्यासमोर रांगेत उभे राहिले. उलटा. स्वच्छ उलटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आर्लिसला फोन लावला. मी टेबलावर बर्फाच्या पेल्यात होतो. पलीकडचा आवाज मोठा होता, चीजच्या कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात. झास्त्रोंनी काही लपवलं नाही. झाकण सांगितलं, एप्रिल सांगितला, बर्निसचं सांगू की नको असं करत तेही सांगितलं.

यंत्रांच्या घरघरीतून तिने विचारलं, "म्हणजे जीन बरोबर होता?"

"बरोबर होता."

"आणि माझे हात?"

"तुझे हात बरोबर होते, आर्लिस. माझे चुकले. तू परत ये. समितीशी मी बोलतो, विद्यापीठाशी बोलतो, मी—"

"डॉक्टर, मी चौतीस वर्षांची झाले. डॅडना आता कढई ढवळवत नाही. इथे माझ्याशिवाय कोणी नाही." "सात वर्षं मी कुठलंही काम हातात घेतलं की आधी बोटांकडे बघते. माहितीये तुम्हाला? साधं दही लावायचं असलं तरी."

"मला फार वाईट वाटतंय."

"वाटत असेल. एक करा. तो जीन सुलटा बसवा. दूध गोठतं का बघा."

"बघतो. आजच सुरू करतो. आणि गोठलं की लगेच तुला—"

"नको," ती म्हणाली. "मला कळवू नका. दूध आलंय दारात. ठेवते."

झास्त्रोंनी मला पुन्हा कापलं, जीन सोडवला, सुलटा बसवला, बुडावर आकडे घालून प्लेटी लावल्या. महिन्याभरात नवा वाहक तयार झाला. कोमट दुधात एक थेंब पडला आणि नऊ मिनिटांत दूध घट्ट झालं. झास्त्रोंनी फोन उचलला, चार आकडे फिरवले आणि खाली ठेवला. बर्निस तेव्हा नोकरीत नव्हती. ती गोठलेली नळी दिवसभर टेबलावर उभी होती आणि ती बघायला कुणी आलं नाही.

मी उरलो तो असा, जुना, उलटा, माझ्या डब्यात. माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही, मित्रांनो. वस्तू जपून वापरा, लिहायचं ते जागच्या जागी लिहा, हे तर तुम्हाला शाळेत सांगतातच. मी वेगळं मागतोय. समोर काही चुकताना दिसलं, तर तो माणूस मोठा आहे, आपण लहान आहोत, आता फार उशीर झालाय, असलं काही मनात आणू नका. त्याच सकाळी सांगा. मी सात वर्षं ओरडत होतो आणि मला आवाज नव्हता. तुम्हाला आहे.